पवनचक्कीखालचं घर

मी आवाज मोजते. पोटापाण्याचा उद्योग तोच आहे. पुण्यातल्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी नोकरीला आहे. रांजणगावच्या कारखान्यांत जायचं, प्रेस, कॉम्प्रेसर, जनरेटर यांचा आवाज मोजायचा, आकडे भरायचे, रिपोर्ट पाठवायचा. जायला-यायला सोपं पडावं म्हणून शिरूरला एक खोली घेतली, त्याला आता बारा वर्षं झाली. एकटीच राहते. लग्न राहून गेलं असं लोक म्हणतात. मीही तेच म्हणते, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत.

घर दौंडचं. वडील रेल्वेत फिटर होते आणि निवृत्त होता होता त्यांचे कान गेले. आई गेल्यावर ते भावाकडे असतात. पूर्वी मी रोज संध्याकाळी फोन करायचे. भाऊ फोन त्यांच्या कानाला लावायचा. ते मोठ्यानं "हां, हां, बरंय" म्हणायचे आणि माझं वाक्य अर्धं असतानाच फोन परत द्यायचे. एकदा भाऊ म्हणाला, "त्यांना काही ऐकू येत नाही गं. उगाच कशाला? रविवारी येतेस तेव्हा बोल की." तो रागावून बोलला नव्हता, खरं तेच बोलला होता. मी रोजचा फोन बंद केला. वडिलांमुळे तू या कामाला लागलीस का, असं कुणीकुणी विचारतं. तसं काही नाही. पेपरात जाहिरात आली होती.

पवनचक्कीचं काम माझ्याकडे आलं ते दिवाळी झाल्यानंतर. शिरूर तालुक्याच्या कडेला, जमीन चढत चढत माळ होते तिथं एका कंपनीनं पवनचक्क्या उभारल्या होत्या. त्यातल्या सगळ्यात खालच्या पवनचक्कीपाशी एक घर होतं. त्या घरातल्या म्हाताऱ्यानं आवाजाची तक्रार केली होती. आधी ग्रामपंचायतीत, मग तहसिलीत, मग प्रदूषणाचं बघणाऱ्या ऑफिसात. ऑफिसनं कंपनीला आवाज मोजून घ्यायला सांगितलं आणि कंपनीनं ते काम आमच्या प्रयोगशाळेला दिलं. एका दिवसाचं, सकाळी अकरा ते चार.

कंपनीचा इंजिनियर मला जीपमधून घेऊन गेला. घर दोन खोल्यांचं, दगडी भिंती, वर पत्रा. दारात लिंबाचं झाड, बाजूला मेंढ्यांचा वाडा. म्हातारा सत्तरीचा असावा. अंगानं वाळलेला, पाठीत ताठ. त्यांच्या घराण्यात पूर्वी सगळे मेंढरं घेऊन कोकणापर्यंत उतरायचे. त्यांच्या वडिलांनी इथं जमीन धरली आणि घर बांधलं. आता त्यांच्याकडे थोडी ज्वारी आणि बारा-पंधरा मेंढ्या होत्या. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणू लागले. मुलगा रांजणगावला कंपनीत, तिथंच बायकोमुलांना घेऊन राहणारा. मुलगी भांडगावला दिलेली. बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती.

मी तिकाटणं उभं केलं, वर मीटर बसवला, त्यावर वाऱ्यासाठी स्पंजाचा गोळा चढवला. इंजिनियरनं फोन करून पवनचक्की थांबवायला सांगितली, कारण ती बंद असताना आजूबाजूचा आवाज किती आहे ते आधी बघावं लागतं. पाती हळूहळू थांबली. मी वाचन घेतलं. मग पाती फिरवली, परत वाचन घेतलं. दोन्हींत फारसा फरक पडेना. दिवसभर वारा होता. लिंब सळसळत होता, ज्वारीचं पान वाजत होतं, पत्रा थडथडत होता. या सगळ्यात पवनचक्की कुठं आहे ते कानाला वेगळं काढता येत नव्हतं.

आबा बाजेवर बसून बघत होते. चारच्या सुमारास मी सामान आवरायला लागले तेव्हा म्हणाले, "ताई, ह्यो आवाज न्हाई."

"मग कुठला, आबा?"

"आत्ता न्हाई व्हत. दिवस मावळला, वारं पडलं की होतो."

मी इंजिनियरकडे पाहिलं. तो मोबाईल बघत होता. मी म्हटलं, "मला दिवसाचंच काम दिलंय, आबा."

"व्हय," ते म्हणाले. "दिल्यालं काम करावं मानसानं."

त्यात टोमणा नव्हता. निघताना त्यांनी माझा नंबर मागितला, मी दिला. दोन दिवसांनी रिपोर्ट लिहिला. शेवटच्या ओळीत, आवाज ठरवून दिलेल्या मर्यादेत आहे, असं लिहून खाली सही केली. प्रत्येक रिपोर्टची शेवटची ओळ बहुतेक हीच असते.

आठवड्याभरानं, संध्याकाळी आठच्या पुढं फोन आला. मी भात लावला होता.

"ताई, म्या बोलतोय, माळावरनं. ऐका."

मग त्यांनी फोन बहुधा वर हवेत धरला. मला नुसती खरखर ऐकू आली. पाच-सात मिनिटं गेली असतील. मग त्यांचा आवाज आला, "आलं का ऐकू?"

"नाही, आबा. फोनमधून नाही येत तो."

"आसं व्हय," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा फोन. "आज लई हाय. ऐका." पुन्हा खरखर. पुढं हे रोजचंच झालं. आवाज ऐकू येत नाही हे त्यांनाही कळून चुकलं असणार, पण फोन येत राहिला. मग ते एखादं वाक्य जास्तीचं बोलायला लागले. आज वारं वरच्या अंगाचं हाय. आज एक मेंढी लंगडतीय. तुमी जेवला का? मी जेवले म्हणायचे, जेवले नसले तरी. आठ वाजत आले की मी फोन चार्जिंगला लावून हाताशी ठेवायला लागले होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

एका संध्याकाळी ते म्हणाले, "तुमच्या कागदावर म्हनं आवाज न्हाईच. पंचायतीत वाचून दावला."

मी गॅस बारीक केला.

"तुमचं खोटं न्हाई," ते म्हणाले. "तुमी दिवसा आलता."

त्या रात्री मला ते वाक्य सोडेना. दुसऱ्या दिवशी मी आमच्या सरांना भेटले. माणूस वाईट नाही, पण प्रयोगशाळा चालवायची म्हणजे गिऱ्हाईक सांभाळावं लागतं. मी म्हटलं, "सर, तिथं संध्याकाळी आणि रात्री मोजायला पाहिजे. रहिवासी घराची रात्रीची मर्यादा पंचेचाळीस डेसिबल आहे. आपण ती बघितलीच नाही."

"त्यांनी सांगितलेलं आपण केलं."

"हो. पण ते अपुरं आहे."

सर थोडा वेळ पेन फिरवत बसले. मग म्हणाले, "कपाटातला जुना मीटर घेऊन जा. तपासणीची मुदत संपलीय त्याची. आकडे कुठंही दाखवता यायचे नाहीत. आणि रजा टाकून जा."

मी तीन दिवसांची रजा टाकली. एसटी खालच्या फाट्यापर्यंत जाते, तिथून तीन किलोमीटर चालत. आबा फाट्यावर येऊन थांबले होते. मीटरची पेटी त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि खांद्यावर ठेवली. मी त्यांच्या घरी कशी राहणार, म्हणून त्यांनी शेजारी सांगून ठेवलं होतं. शेजारी म्हणजे दोन शेतं ओलांडून एक माळ्याचं घर होतं. शेवंती आणि झेंडू लावणारी माणसं. त्यांची सून माझ्याच वयाची. तिनं मला अंथरूण दिलं, पाणी तापवून दिलं.

"तुम्हाला त्रास होतो का हो आवाजाचा?" मी विचारलं.

"आम्हाला न्हाई एवढा येत. हिरीवरची मोटार चालू असती. आन् घरात पोरांचा दंगा," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "आबा एकलेच हायेत ना तिथं."

पहिल्या संध्याकाळी वारा पडलाच नाही. काही मिळालं नाही. आबा माझ्यापेक्षा जास्त ओशाळले, जसं काही पाहुणीला जेवायला बोलावून चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडाला आणि वारा एकाएकी खाली बसला. लिंबाचं पान हलेना. थंडी जमिनीवरून वर यायला लागली. वर मात्र पाती फिरत होती. खाली वारा नाही आणि वर आहे, हे पुस्तकात मी वाचलं होतं. उभी राहून कधी पाहिलं नव्हतं. दिवसा ज्या पानापत्र्यांच्या आवाजात पवनचक्की बुडून जात होती, ते सगळे आवाज आता गेले होते. तिचा एकटीचा उरला होता.

फार मोठा नव्हता तो. रांजणगावच्या एखाद्या प्रेसशेजारी उभं राहिलं तर याच्या कितीतरी पट असतो. पण तो यायचा आणि जायचा. सूप हलवून धान्य पाखडावं तसा, फस्स, मग थोडं थांबून पुन्हा फस्स. एक गेला की दुसऱ्याची वाट बघायला कान आपोआप लागत. मी बाजेच्या कडेला बसून मीटरकडे बघत होते. आकडा पंचेचाळीसच्या वर जात होता, खाली येत होता, पुन्हा वर जात होता. दहा वाजल्यानंतरची सरासरीही पंचेचाळीसच्या वरच राहिली. शिवाय सरासरीत तो चढउतार दिसतच नाही, सपाट होऊन जातो. मी वहीत वेळ आणि आकडे लिहीत गेले. आबा घोंगडी पांघरून उंबऱ्यात बसले होते. काही विचारत नव्हते.

मग मी पेन ठेवलं आणि म्हटलं, "आलं ऐकू, आबा."

त्यांनी मान हलवली. "बरं झालं," म्हणाले. घोंगडी आवरून आत गेले, पण निजले नाहीत. आत भांड्याचा आवाज झाला, मग काडेपेटीचा.

सकाळी मी माळ्याच्या घरून परत आले तेव्हा त्यांनी चहा ठेवला होता. कोरा, गुळाचा. कप हातात देऊन ते समोर बसले आणि मेंढ्यांकडे बघत बोलायला लागले.

"आमच्या हिला दमा व्हता. शेवटची दोन वर्सं निजताच यायचं न्हाई तिला. उशीला टेकून बसायची. श्वास आसाच यायचा, ओढून ओढून. म्या इकडं पडल्याला असायचो, पन कान तिकडं. एक आला की दुसरा येतोय का बघायचो. आला की बरं वाटायचं."

मी कप तसाच धरून बसले.

"ती गेली. पुढच्याच सालाला ही चक्की चालू झाली. ती आता न्हाई ह्ये म्हाईत हाय मला. पन डोळा लागला की कान तिकडंच जातात. मधनंच उठतो. उठून उशी बघतो."

"हे तुम्ही तक्रारीत लिहिलंय का?"

"न्हाई. कुनाला सांगायचं ह्ये?"

मी चहा संपवला. नंतर खूप वेळा मी त्या सकाळचा विचार केला. ही गोष्ट मी लिहिली असती तर ऑफिसात एखादा माणूस हेलावलाही असता. पण कंपनीचा वकील म्हणाला असता, बघा, म्हाताऱ्याच्या मनातला आवाज आहे, आमच्या यंत्राचा नाही. आणि यंत्राचा आवाज तर खरोखरच जास्त होता, माझ्या वहीत लिहिलेला होता. दोन्ही खरं होतं. त्यातलं एकच कागदावर घालायचं मी ठरवलं आणि दुसरं माझ्याकडे ठेवलं. ते बरोबर केलं की नाही ते मला अजून सांगता येत नाही.

निघण्यापूर्वी मी एक शंभरपानी वही आखून दिली. तारीख, वेळ, झाडाचं पान हलतंय की नाही, वर चक्कीचं तोंड कुठल्या दिशेला, आवाज कमी की जास्त. आबांना लिहायला जमत नव्हतं. माळ्याची सून म्हणाली, "ते सांगतील, मी लिहीन." ती रोज रात्रीचं जेवण उरकून पोरीचा हात धरून यायची आणि लिहायची. महिनाभर त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. मी ती वही वाचली तेव्हा सगळं सरळ दिसत होतं. खाली पान हलत नाही आणि वरचं वारं पश्चिमेचं, त्या त्या रात्री आवाज जास्त. बाकी रात्री कमी.

ती वही आणि एक अर्ज घेऊन आबा, त्यांचा मुलगा आणि मी प्रदूषणाच्या ऑफिसात गेलो. मुलगा रात्रपाळी करून आला होता, डोळे लाल. तो म्हणाला, "मॅडम, किती येळा म्हटलं रांजणगावला चला. मेंढरं सोडवत न्हाईत त्यांना." आबा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "एका खोलीत तुमी चौघं. म्या काय पत्र्यावर निजू?" मुलगा हातातला अर्ज सरळ करत राहिला. त्याला ते लागलं असावं.

तिथल्या साहेबांनी वही पानापानानं बघितली. मग माझ्याकडे वळले.

"कंपनीच्या रिपोर्टवर सही तुमचीच आहे ना?"

"हो, साहेब."

"आणि आता तुम्ही म्हणताय तो अपुरा आहे."

"हो. मी दिवसा मोजलं. त्रास रात्री होतो. तेव्हाच मी हे रिपोर्टमध्ये लिहायला पाहिजे होतं."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

पुढं आठ दिवस-रात्र मोजणी करायचा आदेश निघाला. ती दुसऱ्या प्रयोगशाळेनं केली, कारण मी तक्रारदाराच्या ओळखीची झाले होते. त्यांचा रिपोर्ट उन्हाळ्याच्या तोंडाशी आला. वारा पश्चिमेचा असताना रात्रीचा आवाज मर्यादेच्या वर. कंपनीला सांगण्यात आलं की असा वारा असेल तेव्हा ती खालची पवनचक्की रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवायची. कंपनीनं थोडी खळखळ केली आणि मानलं.

त्या कंपनीनं आमच्या प्रयोगशाळेला पुन्हा काम दिलं नाही. सर मला काही बोलले नाहीत, पण पुढचे चार-सहा महिने त्यांनी मला फक्त जनरेटरची कामं दिली आणि दुपारचा डबा माझ्यासोबत खायचं सोडलं. बाकीचेही मग आपापल्या टेबलावरच डबा उघडायला लागले. मी त्याची सवय करून घेतली.

आदेशानंतर आबांचा एक फोन आला. "बंद झाली ताई. काल निजलो." मी म्हटलं, "छान झालं." ते म्हणाले, "लई उपकार." मग काय बोलावं ते दोघांनाही कळेना.

त्यानंतर फोन आला नाही. पहिले काही दिवस आठ वाजले की मी फोनकडे बघायचे. मग स्वतःलाच सांगायचे की अगं, माणूस निजला असेल, ह्याच्यासाठीच तर एवढं केलंस. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही होता. पण खोलीत आठ ते दहा हे दोन तास उरायला लागले. टीव्ही लावला तर आवाज नको वाटायचा, बंद केला तर कुकरची शिट्टी झाल्यावर पुन्हा काहीच नसायचं. मीही त्यांना फोन केला नाही. काय विचारणार? आवाज येतो का? नाही येत. बरं. तेवढंच.

पावसाळा गेला. रविवारी दौंडला जात राहिले. वडिलांसमोर बसायचे, त्यांना पाटीवर लिहून दाखवायचे, ते वाचून हसायचे. संध्याकाळच्या एसटीनं परत.

पुढच्या थंडीत ऑफिसकडून पत्र आलं की आदेशाप्रमाणे पवनचक्की खरोखर बंद राहते का ते एकदा बघून यायचं आहे. माहीतगार म्हणून त्यांनी माझं नाव घातलं होतं. मी गेले. नवा, तपासणी झालेला मीटर घेऊन. वारा पश्चिमेचाच होता. रात्री दहा वाजता पाती थांबली. मी वाचन घेतलं. सगळं मर्यादेत होतं आणि या वेळी तसं लिहिताना हात अडखळला नाही.

आबा जरा भरल्यासारखे दिसत होते. दाढी केलेली. सकाळी त्यांनी पुन्हा गुळाचा चहा केला.

"झोप लागते?" मी विचारलं.

"लागती. एखाद दिवशी उठतो. पन आता उठतो त्ये आपला उठतो." मग म्हणाले, "ती हाय आसं वाटायचं त्येबी गेलं. चालायचंच."

मेंढ्या बाहेर निघायला धडपडत होत्या. त्यांनी वाड्याची फळी काढली. मेंढ्या गेल्यावर ते परत येऊन बसले.

"तुमच्या घरी कोन असतं, ताई?"

इतक्या दिवसांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"कुणी नाही. मी एकटीच."

मला वाटलं, आता लग्नाचं विचारतील. त्यांनी विचारलं नाही.

"म्या फोन बंद केला," ते म्हणाले. "म्हटलं, काम झालं. आता बाईला कशाला तरास द्यायचा?"

"त्रास नव्हता, आबा."

"मंग तुमी करायचा की."

"काय बोलायचं पण?"

"म्या तरी काय बोलत व्हतो?" ते म्हणाले, आणि मेंढ्यांच्या मागं जायला काठी घेतली.

आता मी अधूनमधून फोन करते. रोज नाही. कधी ते उचलत नाहीत, कधी रेंज नसते. परवा केला तेव्हा त्यांनी सांगितलं की एक मेंढी व्याली, कोकरू उभं राहिलंय, पण दूध ओढत नाही. मी विचारलं, मग काय करायचं? ते म्हणाले, "बघू उद्याच्याला. बोटानं पाजतोय." पुढं दोघांनाही काही सुचलं नाही. थोडा वेळ तसाच फोन चालू राहिला, मग त्यांनी ठेवला.